पेज खाल्लेली भावली

मैनाबाई : नाय, डॉक्टर. भावली आता भेटणार नाय. तिनं नागलीची पेज खाल्लीय.

डॉक्टर : अहो, ती रबराची आहे!

मैनाबाई : असंल. भरल्या पोटी भूल देत नाय, उलटी छातीत जाते, हे कोण बोललं मला?

डॉक्टर : ते तुमच्या नातीबद्दल, सोमीबद्दल बोललो मी. तिचे टॉन्सिल काढायचेत उद्या, भूल मी देणार आहे. ही सरावाची बाहुली आहे, मैनाबाई. आणि तुम्ही या वॉर्डातल्या आया आहात, हिच्या कोण लागता?

मैनाबाई : केसपेपर काढलाय तिचा. चार नंबरची खाट दिलीय.

डॉक्टर : देवा! बरं, पेज कधी खाल्ली?

मैनाबाई : सातला.

डॉक्टर : आता एक वाजून गेला. सहा तास झाले! द्या.

मैनाबाई : झाले खरे. घ्या. पण हातात ही दोन-दोन हत्यारं कशाला?

डॉक्टर : श्वासाची नळी घालताना जीभ उचलायला. हे साधं पातं, यात घसा आपल्या डोळ्यांनी बघायचा. हे कॅमेऱ्याचं, यात पडद्यावर दिसतो. लहान मुलांना कुठलं बरं, ते आम्ही तपासतोय.

मैनाबाई : मंग कुठलं बरं?

डॉक्टर : तेच तर तपासतोय.

मैनाबाई : म्हणजे ठावं नाय.

डॉक्टर : दोन्ही चांगली आहेत हो!

मैनाबाई : बरं. आदी तिला सांगा, घाबरू नको म्हणून.

डॉक्टर : सगळा वॉर्ड बघतोय... घाबरू नकोस हं, बाळा. झालं? आता बघा. साधं पातं, अकरा सेकंद. कॅमेरा, नऊ! हात हलला का जरा तरी?

मैनाबाई : नाय हलला. त्याचंच भ्या वाटतं मला.

डॉक्टर : हात हलला नाही म्हणून भीती?

मैनाबाई : काल फोनवर बोलत बोलत नळी घातलीत तुमी. अन्नाच्या नळीत गेली, भावलीचं पोट फुगलं, तर खो खो हसलात. मी तितंच लादी पुसत होते.

डॉक्टर : ...मैनाबाई, ती बाहुली होती.

मैनाबाई : उद्या माजी नात हाय. एकुलती एक. हा घ्या तिचा झगा. भावलीला घाला. आता टाका नळी.

(झगा घातला जातो. डॉक्टर नळी घालून हवेची पिशवी दाबतात.)

डॉक्टर : गेली. नाही, थांबा... हो, गेली. सतरा सेकंद. श्शी! एवढा वेळ मला शिकाऊ असतानाही लागला नव्हता.

मैनाबाई : घाम पुसा.

डॉक्टर : आता दुसरा डॉक्टर मागाल तुम्ही. मागा. मी रागावणार नाही.

मैनाबाई : मगा दोन्ही येळेला नळी गेली, तवा तुमी घड्याळ बघितलं. आता पयली तिची छाती वर आली का ते बघितलंत.

डॉक्टर : ...हो.

मैनाबाई : सोमीची आयस भायेर बसलीय, परवानगीचा कागद मांडीवर घेऊन. सांगते तिला, कर सही.