करवंट्या निघाल्या बंदराला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दाजीसाहेब भोईर, व्यासपीठावर बसलेले आमचे मालक ईश्वरभाई आणि हंसाबेन, सत्कारमूर्ती मनोरमाताई नागवेकर, आणि समोर जमलेल्या शिलाई, इस्त्री, पॅकिंगमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी काशीनाथ, कटिंग मास्तर. माझ्या हाताला कात्रीची सवय, माईकची नाही. पण ताई निवृत्त होतायत, दोन शब्द बोल म्हटल्यावर मला नाही म्हणवलं नाही.

डबा खाऊन झाला की ताई वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. गोडदेवच्या इमारतींच्या फटीतून तिथे खाडीचं पाणी चमकताना दिसतं. एकदा मी विचारलं, "ताई, काय बघताय?"

"आपला शर्ट आत्ता कुठल्या समुद्रात असेल, काशीनाथ?"

मी हसलो. माल गेटबाहेर गेला की माझं काम संपायचं. ताईंना मात्र तो शर्ट घालणाऱ्या माणसाचं गाव दिसायचं, तिथलं धुकं दिसायचं. सँपल विभागाच्या प्रमुख, पण मन कायम बोटीवर.

मग दोन हजार पाच साल उजाडलं. कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे याचा कोटा उठला. आम्हाला वाटलं, आता आपल्याला रान मोकळं. झालं उलटं. मोठे कारखाने पुढे निघून गेले आणि आमचं डेन्मार्कचं गिऱ्हाईक दुसऱ्या देशात गेलं. आम्हाला तर शर्टाशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मग आम्ही करायचं काय? ईश्वरभाईंनी गाळा विकायचं मनावर घेतलं. भाई, आज हे बोलतोय, रागावू नका.

आमच्याकडे एका कोपऱ्यात शर्टाला लावायची करवंटीची बटणं बनायची. ताईंनी तिथलीच एक अखंड करवंटी घासूनपुसून, तेल लावून भाईंच्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "बटण परदेशी जातं, तर वाटी का नाही जाणार?"

भाईंनी ती वाटी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "मनोरमाबेन, एक बार देखते हैं."

डेन्मार्कच्याच एका दुकानदाराने वाट्या आणि चमचे मागवले. भर पावसाळ्यात कंटेनर गेला. ताई तेव्हा नुसत्या तरंगत होत्या. आणि पलीकडे पेट्या उघडल्या, तर प्रत्येक वाटीला बुरशी. सगळा माल नाकारला.

भाई शांतपणे म्हणाले, "सपना अच्छा था. आता बस."

ताई स्वतः खाली आल्या, मशिनं थांबवायला सांगितली आणि सगळ्यांसमोर बोलल्या, "ओलसर माल मी बंद पेटीत भरला. मला घाई झाली होती. ज्यांना दुसरीकडे काम मिळतंय, त्यांनी जावं. मी कुणाला अडवणार नाही."

मग राई गावची आमची शेवंती उठली. "ताई, ऊन हाय, गच्ची हाय, हात हायेत. मी कुठं न्हाय जायाची."

काही जण गेले. त्यांनाही घर होतं, त्यांना दोष कसा द्यायचा? उरलेल्यांनी शाळांचे गणवेश शिवून कारखाना चालू ठेवला. पाऊस सरला तशा गच्चीवर करवंट्या पसरल्या. ताई रोज एकेक उचलून नाकाशी धरायच्या, गालाला लावायच्या. बोटाला जे कळत नाही ते गालाला कळतं, म्हणायच्या.

दुकानदार दुसरी संधी द्यायला तयार झाला, पण त्याला माल नाताळच्या बराच आधी हवा होता. भाई म्हणाले, पाठवून द्या. ताईंनी नकारार्थी मान हलवली. "वाळला नाही, तर जाणार नाही." भाईंनी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मलाही वाटायचं, ही बाई सगळ्यांना बुडवणार. त्या मात्र गच्चीवर उन्हात बसलेल्या, नजर खाडीपलीकडे.

नाताळ हुकला. दुकानदार कुरकुरत थांबला, माल जानेवारीत गेला. आणि मग परदेशातून भाईंना फोन आला. भाई फोन ठेवून खाली आले आणि ताईंसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "एक भी वाटी खराब नहीं. और माल मंगवाया है."

आज आमच्याकडून शर्ट जातात, वाट्या जातात, करवंटीचे दिवे जातात. एका गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तर आमच्या चुली विझत नाहीत. आपल्यासारख्या देशाला याहून वेगळं काय हवंय, सांगा.

आज सकाळी दारावरची पाटी रंगवायला पेंटर आला होता. नावापुढचा 'गारमेंट्स' शब्द त्याने पुसला आणि विचारलं, इथे काय लिहू? भाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई रस्त्यातच थांबून त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "कोरीच ठेवा. पुढे काय काय पाठवाल, आत्ता कुठे ठाऊक आहे?"

येताना बघितली असेल तुम्ही. पाटी तशीच आहे.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. कपडा कापणाऱ्या माणसाच्या बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.