खिडकीवर घेतलेलं नाव

छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात भावाला धरलं, तेव्हा त्याचा डबा घेऊन मी परळच्या एका चौकीवर रांगेत उभा होतो. माझ्यापुढं लालबागची एक बाई डबा घेऊन उभी होती आणि खिडकीत हवालदार होता.

"आमच्या ह्यांना कधी सोडणार?"

"लवकरच."

"सोमवारीही लवकरच म्हणालात. तुमचं लवकरच फार सावकाश येतं हो!"

"बाई, हळू बोला."

"चार दिवस हळूच बोलले. तुम्हाला मुळीच ऐकू आलं नाही."

"उगाच चिडू नका."

"उगाच तर तुम्ही त्यांना धरलंत!"

"बरं, डबा आत देतो. नवऱ्याचं नाव सांगा."

"नवऱ्याचं नाव बायको घेते का कधी?"

"सहज सांगा. इथं कोण हसतंय?"

"सहज? लग्नाला अठरा वर्षं झाली. एकदाच घेतलंय, तेही उखाण्यात."

"नावाशिवाय डबा जात नाही."

"मग घ्या. भिकाजी. भिकाजी परब. झालं समाधान?"

"थांबा. वहीत भिकाजी नाही."

"नाही? एवढ्या माणसांत मला नाव घ्यायला लावलंत, आणि आता नाही म्हणता?"

"ओरडू नका. त्या दिवशी धरलेल्या चौदाही जणांनी एकच नाव सांगितलंय. महाराष्ट्र."

"ह्यांनीसुद्धा?"

"सगळ्यांनी. आता डबा कुणाच्या नावानं पाठवू?"

"महाराष्ट्राच्या! हळू सांगू की मोठ्यानं? हे नाव घ्यायला मला कसली लाज?"