मर्यादवेलीखालची पोरं

मंडळी, ऐका. नाम घेण्याआधी एवढंच सांगा – फक्त आपलं तेवढं राखलं, तर आपलं तरी राहतं का? बघा, पुढची मंडळी लगेच माना डोलवायला लागली! अहो, आधी ऐका तरी.

शिरवळं नावाचं एक बेट. तिथे तान्हं पोर गेलं की दहन नाही. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडात पुरायचं आणि वर मर्यादवेल लावायची. जांभळी फुलं येतात ना, तीच. एकीची मुळं दुसरीत, दुसरीची तिसरीत – सगळ्यांनी मिळून ते टेकाड धरलेलं. बायका म्हणायच्या, "पोरांनी एकमेकांचे हात धरलेले आसत."

त्या बेटावर जनू तांडेल. मासेमारी सोडली, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. पण समोर टेकाड आडवं! मजूर लावले. म्हणाला, "वेली उपटा, वाळू सपाट करा. पावण्यांका समुद्र दिसाक व्हयो. माझ्या चेडवाची वेल तेवढी ऱ्हवांदे." त्याची लेक मोगी त्याच वाळूत होती ना – रांगायच्या आत गेलेली.

बायको आवडाबाय म्हणाली, "अवो, ती एकटी कशी ऱ्हवतली?"

जनूने कानाडोळा केला.

पावसाळ्यात उधाण आलं आणि उरलंसुरलं टेकाडही गेलं. मोगीची वेल? कडेला लोंबत होती, मुळं उघडी. खाली वाळूच नव्हती.

मग एका भर दुपारी – ऊन लख्ख, वारा पडलेला – ओल्या वाळूवर पावलं दिसली. इवली इवली, समुद्रातून वर येणारी. मंडळी, ज्यांना चालायलाच आलं नव्हतं, त्यांची पावलं! प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेली. परत जाणारं एकही नाही.

लोकांनी दारं लावून घेतली. आवडाबायने उघडलं. "ये गो बाय, आत ये."

कोणी दिसलं नाही. पण घरातली जमीन ओली झाली, आणि कितीही पुसली तरी ओलीच राहिली.

जनूला भीती वाटली असेल म्हणता? लाज वाटली हो. घरोघरी जाऊन हात जोडले. पलीकडच्या किनाऱ्यावरून वेलीचे तुकडे आणले, वाळू अडवायला झावळ्यांची कुंपणं घातली. मोगीची वेल लावायला गेला, तर आवडाबायने हात धरला. "आदी दुसऱ्यांची."

वाळू हळूहळू साठली, वेली पसरल्या. मग एका दुपारी पुन्हा पावलं – उंबऱ्यापासून टेकाडाकडे जाणारी. घरातली जमीन कोरडी झाली. त्या कोरड्या जमिनीवर बसून आवडाबाय पोटभर रडली.

आता तुमचं सांगा. कोणी वाळू उपसलीय, कोणी आपल्याच कुंपणापुढे दगड रचून लाट शेजाऱ्याकडे वळवलीय. टाळ वाजवणारे आमचे गोविंदबुवा खाली बघताहेत, बघू द्या. घरी गेलात आणि उंबऱ्याशी ओलं पाऊल दिसलं, तर कोणाचं पोर म्हणून विचारू नका. दार उघडा. आणि त्याला एवढंच सांगा, की परत जाऊन निजायला तुम्ही त्याच्यासाठी जागा ठेवली आहे की नाही.