खिळ्यावरची चावी

...आणि वर मला म्हणतात, "श्रीपतभाऊ, यात तुमचा दोष नाही." आता काय बोलायचं यावर? तुम्हाला सांगतो, शिव्या खायच्या तयारीनं बसलेल्या माणसाला कोणी असं प्रेमानं सोडून दिलं ना, की जावं कुठं तेच कळत नाही. संस्थेतल्या उज्ज्वला म्याडम म्हणतात दोष नाही, हा हेमराज चहावाला म्हणतो दोष नाही, गावाकडे आमची सोनाबाई म्हणते, तुम्ही जिवंत आलात ना, मग दोष कसला. सगळी दुनिया माझ्या बाजूनं! आणि चावी? चावी माझ्या खिशात. ही बघा. हात नका लावू, नुसती बघा.

बसा, चहा येतोय. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल दोष नाही.

हे सुरतेतलं लिंबायत. ती समोरची गल्ली, तिसरा दरवाजा, ती आमची खोली. आमची म्हणजे माझी आणि निंबाची. दहा बाय आठ, त्यात एक खाट, एक उशी, आणि माणसं दोन. आता दोन माणसं एका खाटेवर कशी, असं विचारू नका, लूम कारखान्यातल्या माणसाला असं कोणी विचारत नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात एक पाळी, सात ते सात दुसरी. मी रातपाळीला तर निंबा दिवसपाळीला, पंधरा दिवसांनी उलट. मागही तेच, एक-दोन-तीन-चार नंबरचे, तो सोडणार नि मी धरणार. म्हणजे माग तेच, खाट तीच, आणि आम्ही दोघं एकमेकांना भेटायचो किती? पाच मिनिटं. त्यातही मागांच्या खटाखटीत ऐकायला काय येतंय डोंबल! तो हाताच्या खुणा करायचा, तीन नंबरचा धोटा अडतोय. मी मान हलवायचो. मग तो कानाशी तोंड आणून ओरडायचा, "सिरपत, जेवना का रे?" मी ओरडायचो, "जेवलो." झालं. चार वर्षं एवढंच बोललो आम्ही. आडनाव विचारायचं राहून गेलं. पण डाव्या कुशीवर झोपतो हे मला माहीत, उशीला खड्डा त्या बाजूला असायचा. तंबाखूला चुना जास्त लावतो हे माहीत. मन उदास असलं की फणी कोनाड्यात न ठेवता भिंतीच्या फटीत खोचून जातो हेही माहीत.

आणि एक रीत होती आमची. कोणी ठरवली नाही, आपोआप पडली. उठणाऱ्यानं उशी पालटून ठेवायची. गरम बाजू खाली, गार बाजू वर. सुरतेच्या उकाड्यात, पत्र्याखाली, बारा तास उभा राहून आलेला माणूस गाल टेकतो आणि उशी गार लागते... तुम्हाला सांगतो, माझ्या आईनंतर माझं एवढं कोणी केलं नाही.

दुसरी रीत चावीची. कुलूप एक, चावी एक. जाणाऱ्यानं हेमराजच्या टपरीच्या खिळ्याला टांगायची, येणाऱ्यानं काढून घ्यायची. हाच तो खिळा.

मग आला चौऱ्याण्णवचा प्लेग. मी त्या पंधरवड्यात रातपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेला. दुपारी तीनचा सुमार असेल, गल्लीत आरडाओरडा, "भागो, भागो!" तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, कोणी म्हणतंय पाणी पिऊ नका, कोणी म्हणतंय गाड्या बंद होणार, कोणी म्हणतंय उधन्याहून शेवटची गाडी आहे. आता शेवटची म्हणजे काय, भुसावळकडे पॅसेंजर रोज जाते, पण त्या दिवशी प्रत्येक गाडी शेवटचीच. मी उठलो, पिशवीत दोन कपडे कोंबले, उशी पालटली. होय, पालटली, प्लेग आला म्हणून काय झालं. कुलूप लावलं आणि चावी टांगायला टपरीवर आलो तर टपरी बंद! हा हेमराज आमच्या आधी पळालेला. मान खाली नको घालू रे, तुझा दोष नाही. बघितलंत, मीही म्हणायला लागलो.

खिळा फळीच्या आत, फळी बंद. म्हटलं ठीक आहे, कारखाना वाटेतच आहे, निंबाच्या हातात चावी देऊ आणि पुढं जाऊ. तर टेंपो भरत होता. चढलो. गर्दीमुळं देता आली नाही, सांगितलं मी गावाला. आणि चावी? चावी माझ्या खिशात.

दसऱ्यानंतर परत आलो. कुलूप तसंच लटकलेलं. आत निंबाची पेटी, बनियन दोरीवर, फणी कोनाड्यात. कारखान्यात नाही, गल्लीत नाही, कोणाला पत्ता नाही. कारखान्याच्या वहीत बघितलं तर लिहिलेलं नुसतं 'निंबा'. साक्रीकडचा आहे एवढं ठाऊक होतं, म्हणून साक्रीच्या बाजारात जाऊन भर गर्दीत हाक मारली, "निंबा!" तर सतरा जणांनी मागं बघितलं. सतरा! त्यात माझा एकही नाही.

मला रोज एकच दिसायचं. निंबा बारा तास उभा राहून आलाय, शहर पळालंय, हा दारात उभा आहे, आणि कुलूप. तोडायला हवं होतं त्यानं. तोडलं असतं तर बरं वाटलं असतं मला. पण तो तोडणार नाही, दार माझंही ना.

आता म्याडम. पुढच्या वर्षी आल्या. खांद्याला झोळी, हातात फाईल, "प्लेगच्या काळात माणसं अशी का वागली याचा आम्ही अभ्यास करतोय." म्हटलं करा बाई, आम्हालाही कळेल. कारण आम्ही वागलो तेव्हा काही कळलं नव्हतं. या इथंच बसल्या, कागद काढला, चौकटीच चौकटी. मी प्रतिसादक क्रमांक एक्केचाळीस. नाव लिहिणार नाहीत म्हणे, कोणाला सांगणार नाहीत, शब्द आहे.

मी निंबाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा निंबा तुमचा कोण? नातेवाईक?" नाही. "गाववाला?" मी चोपड्याकडचा, तो साक्रीकडचा. "जातबांधव?" मला हसूच आलं. म्हटलं बाई, मी बौद्ध, तो मराठा. त्याच्या गावात मला त्याच्या ओट्यावर बसू दिलं नसतं, इथं माझ्या घामाच्या उशीवर तो घोरतो. बाई अशा खूष झाल्या, भराभर लिहायला लागल्या, "म्हणजे शहरी श्रमव्यवस्थेत जातीच्या भिंती..." म्हटलं, भिंत एकच होती, तिला खाट टेकलेली होती. तेही लिहून घेतलं! मग म्हणाल्या, "मित्र?" मित्र म्हणजे बाई, गप्पा मारतो तो. आम्ही चार वर्षांत जेवलास का याच्यापुढं गेलो नाही. "बरं, सहकर्मी?" म्हणजे? "सोबत काम करणारा." छे, सोबत एक तासही केलं नाही, तो आला की मी जायचो. बाईंनी पेन्सिलीचं टोक चावलं आणि शेवटच्या चौकटीत बरोबरची खूण केली. मी वाकून वाचलं. 'इतर.'

इतर! चार वर्षांची गार उशी, आणि इतर!

मग समजवायला लागल्या. फार चांगली बाई हो, मनापासून समजवायची. म्हणाल्या, "हे बघा, घाबरलेल्या गर्दीत माणूस एकेकटा विचार करत नाही, गर्दी विचार करते." दुसऱ्या दिवशी आल्या, म्हणाल्या, "दुसरी एक मांडणी आहे, माणूस आधी स्वतःचा जीव बघतो, तो स्वभावच आहे." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "नीतिशास्त्रात हेतू बघतात. तुमचा हेतू वाईट नव्हता ना? मग झालं." तिन्ही वेळा मला सोडून दिलं. मीही सुटायला बघत होतो, खोटं कशाला बोलू. पण रविवारी विहारात जातो मी, तिथं पाच गोष्टींचा नेम करतो, त्यातली चौथी खोटं न बोलण्याची. चौथी आली की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. शेवटी एक दिवस म्याडमना म्हटलं, पेन्सिल ठेवा खाली. ऐका.

गर्दीमुळं देता आली नाही, हे खोटं. टेंपो फाटकापाशी थांबला होता. गाडी जायची होती, फाटक बंद. समोर वीस पावलांवर आमचा कारखाना. शेठनं चालू ठेवलेला, मागांची खटाखट ऐकू येत होती. चावी माझ्या हातात होती हो, खिशात नव्हती, हातात. मालगाडी होती, लांबलचक. उतरून, आत जाऊन, चावी देऊन, "निंबा, चल" म्हणून त्याचा हात धरून परत यायला वेळ होता. पण मला टेंपोत बसायला जागा मिळाली होती. कोपऱ्यात, पिशवीवर. उतरलो असतो तर ती गेली असती. तेवढ्यासाठी. मी डबे मोजत बसलो आणि चावी खिशात टाकली.

बाईंनी फाईल मिटली. मग हळूच म्हणाल्या, "श्रीपतभाऊ, तुमच्या जागी कोणीही असता तरी त्यानं तेच केलं असतं." म्हटलं म्याडम, हेच ते. तुमचं सगळं शास्त्र इथं येऊन थांबतं, कोणीही असता तरी. पण तिथं कोणीही नव्हता ना! मी होतो. निंबाला येऊन दोन शिव्या घालू द्या, त्याच्या अहिराणीत, मागांवरून ओरडून, मग मी झोपेन. मला माफी नकोय बाई, मला निंबा पाहिजे.

तर बाईंना राहवेना. मला धीर द्यायला म्हणून फाईल चाळत म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही हो. हे बघा, माझ्याकडे अगदी असंच बोलणारा दुसरा एक आहे, क्रमांक सत्त्याऐंशी. तो म्हणतो, दुपारी एक वाजताच कारखान्यातून मागच्या दारानं तसाच स्टेशनवर पळालो. खोलीत जोडीदार झोपला होता, दोन गल्ल्या पलीकडं, पण उठवायला गेलो नाही, गाडी चुकेल म्हणून. म्हणतो, रोज माझ्यासाठी उशी पालटून ठेवायचा तो, आणि मी त्याला झोपेत टाकून..."

आणि बाईंनी तोंडावर हात ठेवला.

तुम्हाला सांगतो, हेमराजच्या स्टोव्हचा आवाजसुद्धा बंद झाल्यासारखा वाटला मला. उशी! म्हणजे मी फाटकापाशी ती खटाखट ऐकत होतो तेव्हा माझा निंबा आत नव्हताच. तो माझ्या आधीच पळाला होता. कुलपाशी तो आलाच नाही. इतके दिवस मी ज्याला दारात उभा केला होता तो तिथं कधी उभाच राहिला नाही, आणि तो तिकडं मला खाटेवर झोपवून बसलाय! तोंड दाखवायला लाजतोय! अरे येड्या, मी झोपलो नव्हतो रे, मी पण पळालो होतो!

म्हटलं म्याडम, कुठं आहे तो? जिवंत आहे ना? बाई म्हणाल्या, "आहे." कुठं? "ते सांगता येणार नाही." अहो मी आहे तो जोडीदार, उशीवाला! "मला कळलं, श्रीपतभाऊ. पण नाव-गाव कोणाला सांगणार नाही असा मी त्यालाही शब्द दिलाय. ही संशोधनाची नीती आहे." बरं, मग त्याला निरोप द्या, चावी द्या. "माझ्या अभ्यासामुळं त्याच्या आयुष्यात काही बदल होता कामा नये." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चहावर साय धरली होती, पण बाई बधल्या नाहीत. आणि गंमत सांगू? मला राग नाही आला. बरोबर आहे तिचं. तिनं शब्द पाळला. आमच्यात तसं एक तरी माणूस निघालं.

तरी मी सोडतो होय? म्याडम लिंबायतनंतर सुरतेबाहेर सचिन आणि कामरेज या दोन गावांत फिरल्या होत्या एवढं ठाऊक होतं. सचिनला कारखान्यांच्या वसाहतीच्या फाटकावर सात वाजता उभा राहिलो, पाळी सुटली, चारेकशे माणसं, सगळी दमलेली, सगळी निंबासारखी चालतात. कामरेजलाही तेच. आता मी तोंड ओळखणार कसं? पाच-पाच मिनिटं बघितलेलं. कोणी गाल उशीवर ठेवून दाखवला असता तर ओळखला असता.

गेल्या महिन्यात म्याडम परत आल्या, छापलेलं पुस्तक घेऊन. "एक्केचाळीस नंबरला माझ्याकडून." सगळं इंग्रजी, मला त्यातलं एक अक्षर येत नाही. पण आकडे येतात. पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. वर ४१, खाली ८७. एकाच पानावर, एकाखाली एक. त्यांच्या नीतीत एवढंच बसत होतं बहुतेक. चार वर्षांत आम्ही दोघं एका वेळी एका जागी कधी टेकलो नव्हतो, ते बाईंनी टेकवलं.

ते पुस्तक मी उशीखाली ठेवतो. आणि चावी? चावी रोज याच खिळ्याला टांगतो, ही आत्ता टांगली बघा. न जाणो, सत्त्याऐंशी नंबरला कधी झोप आली तर.

आता खोलीत नवा जोडीदार आहे, दगा नावाचा. पोरगं बरं आहे, पण उशी पालटत नाही. परवा मी पाळीवरून लवकर सुटून आलो, तर पुस्तक हातात घेऊन माझ्यापुढं उभा, "भो, उशीखाल काय ठेवेल शे हाई? कानले टोचस." मी पान उघडून दाखवलं. म्हटलं, हा वरचा मी. हा खालचा निंबा. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "निंबा? कोन शे हाऊ तुना?"

काय सांगणार, कोण माझा ते. एवढी शिकलेली बाई, वर्षभर फिरली, तिला दुसरा शब्द सापडला नाही, मला कुठून सापडायचा? मी उशी पालटली, आडवा झालो, आणि म्हटलं, "इतर."