पाटीवर नाव कुणाचं

नाही, पाटीवर ‘सरांचा संग्रह’ असंच लिहिणार असाल, तर एकही नाणं ह्या घराबाहेर जाणार नाही, आधीच सांगते. सर म्हणजे आमचे हे — इतिहासाचे प्राध्यापक, मान्य. ते गेले म्हणून तुमच्या संग्रहालयाला हळहळ वाटते, तेही मान्य — पण ही सहाशे नाणी ओळखली कुणी? मी! शाळेतली कारकुनी करून आल्यावर, ह्याच टेबलाशी बसून. काय बघताय? रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली ब्राँझची चिल्लर — करंगळीच्या नखाएवढी, हिरव्या गंजानं माखलेली — महिना महिना पाण्यात भिजवायची, दातकोरणीनं माती काढायची, मग भिंग लावून खालच्या कडेची दोन-तीन अक्षरं लावायची, तेव्हा कुठे टांकसाळ कळते. हे म्हणायचे, ‘काय ती गंजकी बटणं घेऊन बसतेस!’ आणि लेख छापून आला तेव्हा? वर नाव ह्यांचं. माझे आभार — ‘पत्नीने टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवून दिली.’ उतरवून!

कोणतं चुकलंय? दाखवा. हं — दोन सैनिक, मधे निशाण. चिठ्ठीवर लिहिलंय दोन निशाणं आणि नाण्यावर आहे एकच, म्हणजे काही वर्षं नंतरचं — एवढं मला कळत नाही वाटलं? अहो, अक्षर बघा की! माझं आहे का ते, असं वेडंवाकडं? शेवटच्या वर्षी ह्यांची नजर जवळजवळ गेली होती. एक दिवस आपणहून म्हणाले, ‘सगळी तूच लावलीस, एक तरी मला लावू दे’ — सगळी तूच लावलीस, असं म्हणाले हो, एकतीस वर्षांत पहिल्यांदा — आणि तासभर भिंगाशी झटून विचारलं, ‘दोन ना गं?’ काय सांगायला हवं होतं मी? म्हटलं, दोन. हो, खोटं बोलले! एकेका अक्षरावरून जन्मभर भांडले ह्यांच्याशी, त्या दिवशी नाही भांडले — तर तुमचं काय गेलं?

दोघांची नावं? नको. माझं एकटीचं लिहा, ‘अमक्यांच्या पत्नी’ असलं शेपूट न लावता. जमत नसेल तर तसं सांगा तुमच्या साहेबांना. आणि ती चिठ्ठी खोडू नका! ठेवा ते पेन खिशात. हे नाणं यादीतून काढा — संग्रहातलं नाही ते, ते ह्यांचं आहे. द्या इकडे.

या आता.