समोरचं टेबल

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कवळ्यांच्या लॅबचे मालक मोठे डॉक्टर, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती ताई, त्यांना कायमचं न्यायला इतक्या लांबून आलेले त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून प्लास्टरच्या पोत्यांवर टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मला माइकपाशी उभं करायचं धाडस कोणी केलं, देव जाणे. इथे मला सगळे भोवरा म्हणतात, ते काही उगाच नाही. एका कामाला उठलो की वाटेत मला चार कामं भेटतात आणि मूळ काम बिचारं वाट बघत बसतं. आत्तासुद्धा त्या पंख्याच्या खडखडाटाकडे माझं लक्ष चाललंय. पण ताई डोळे मोठे करतायत, तेव्हा मुद्द्यावर येतो.

नव्या लोकांना माहीत नसेल, मी एकदा एका आजोबांना दोन्ही कवळ्या खालच्याच पाठवल्या होत्या. पॉलिश करता करता फोन आला, तिकडून येताना कोणीतरी मेण मागितलं, परत आलो आणि समोर दिसली ती कवळी डबीत घातली. आजोबा स्वतः आले. म्हणाले, "बाळा, आता काय उलटा लटकून जेवू?" तिकडे कुठल्यातरी आजींकडे दोन्ही वरच्या! मोठे डॉक्टर तेव्हा काय बोलले, ते व्यासपीठाचा मान राखून सांगत नाही. माझी नोकरी गेल्यातच जमा होती.

मग डॉक्टरांकडे गेलो. दातांच्या नव्हे, मनाच्या. एडीएचडी आहे म्हणाले. लक्ष नसतं असं नाही, लक्षाला लगाम नसतो. गोळ्या दिल्या, त्यांचा फायदाही झाला. फोनमध्ये गजर लावले, भिंतीवर इतक्या चिठ्ठ्या चिकटवल्या की शेवटी त्या दिसेनाशाच झाल्या. बहीण फोनवर म्हणायची, "अरे, जरा मनावर घे की!" आता काय सांगू तिला? मनावर तर मी रोज घेत होतो.

आणि एका सकाळी बघतो तर ताईंनी आपलं टेबल सरकवत माझ्या समोर आणलेलं. ताईंचं काम दातांना रंग चढवण्याचं. त्याला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून खिडकीची जागा त्यांची. ती त्यांनी सोडली. रंग बघायचा झाला की दात चिमट्यात धरून खिडकीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. गुडघे दुखायचे, तरी जायच्या. मी म्हणायचो, "ताई, कशाला हो?" तर म्हणायच्या, "तू आपलं मेण बघ."

कामाचे सगळे ट्रे त्या आपल्या पाठीमागे ठेवायच्या. माझ्यासमोर एकच, एका पेशंटचा. मी भरकटलो की मान वर न करता विचारायच्या, "आता काय करतोयस?" मी सांगायचो, "वरची कवळी, पुढचे दात मेणात बसवतोय." बस, एवढंच. ना उपदेश, ना टोमणे. पण समोर कोणीतरी आपलं काम करत बसलंय म्हटलं की माझे हात चालायचे. का चालायचे, ते विचारू नका. मनाचे डॉक्टर म्हणाले, अनेकांचं असंच असतं.

घरी असं कोणी नाही. आई होती तोवर तिची खुडबुड असायची, तेवढीही पुरायची. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळीला म्हणून उठतो आणि दुपारी खांद्यावर टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात उभा असतो. चहा गार, मशीनमध्ये कपड्यांना वास. स्वतःलाच मोठ्यानं विचारून पाहिलं, "आता काय करतोयस?" रिकाम्या घरात तो प्रश्न फार वाईट वाटतो हो. सुट्टी संपली की लोकांचं तोंड वाकडं होतं, मी मात्र धावत इथे यायचो.

ताई म्हणाल्या, "फोन करत जा." करीन ना. पण तिकडे रात्र असताना इकडे कामाची वेळ, आणि फोन काय, खिशात जातो. माणूस समोर राहतो.

मोठे डॉक्टर, सोमवारी ताईंच्या जागी साच्यांचं कपाट येणार असं ऐकतोय. सगळ्यांदेखत सांगतो, मला भीती वाटते. कपाट नको. माणूस द्या. कोणीही चालेल. माझ्याशी बोलायला नको, माझ्यावर लक्षही ठेवायला नको. आपापलं काम घेऊन नुसतं समोर बसा. एवढ्या मोठ्या माणसानं हे मागावं, याची लाज वाटते, पण मागतोय.

लगेच हात वर करू नका. ताईंच्या समारंभात ते बरं दिसणार नाही. चहाच्या वेळी येऊन सांगा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी सर्वांचा आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. ताई, तिकडे सुखानं राहा, गुडघ्यांना जपा. जाऊ नका, असं निरोपाच्या भाषणात म्हणायचं नसतं. म्हणून मी खाली बसतो.