लटारू नावाचा सदस्य

(राजुरा, २००८. बसस्टँडमागचा कय्यूमभाईंचा इंटरनेट कॅफे. बाजाराचा दिवस, दुपार.)

रूही: हसू नका, भाऊ. नीट ऐका. आपला ज्ञानकोश सांभाळणाऱ्या पुण्याच्या प्रचालकानं लिहिलं आहे, "सदस्य लटारू ही खरी व्यक्ती नसून सदस्य रूही यांनीच काढलेलं दुसरं खातं असावं."

लटारू: म्हनजे मी नाई?

रूही: नाई.

लटारू: अन् मंग तुह्या अब्बाच्या खुर्चीत हे बसलं कोन हाये? माहं भूत?

रूही: त्यांना भूतच वाटून राह्यलं. आज संध्याकाळी तुमचं खातं बंद. तुम्ही लिहिलेलं सारं काढणार. तेंदू, चारोळी, बेहडा ही झाडं, मासे धरायचे सापळे, सारं.

लटारू: काऊन बापा? आपून काई चोरी केली? तूच म्हनली, भाऊ, इंटरनेटवर ज्ञानकोश निंघाला, कोनीबी या अन् कोनीबी लिवा. पैसे भेटत नाई, फुकटात लिवाचं. म्हनलं चाला, बाजाराले येतोच, दोन घटका बसू. अन् आता फुकटात लिवनाऱ्यालेच चोर म्हनते?

रूही: एका माणसाचं एकच खातं, असा नियम आहे. नाही तर एकच माणूस चार नावं घेऊन स्वतःच स्वतःले शाबासकी देत बसन.

लटारू: शाबासकी? मी तुले कधी शाबासकी देल्ली?

रूही: कधीच नाई. उलट शिव्या दिल्या. हे पहा, मोहाच्या झाडावरच्या लेखाची चर्चा. "या पोट्टीले मोह म्हनजे काय ते काई ठाव नाई. दुकानात बसून जंगल लिवते." सही, लटारू. खाली माझं उत्तर, "भाऊंनी मुद्द्यावर बोलावं." सही, रूही. त्याखाली तुम्ही, "मुद्दाच हाये बाई, दारू खाली घे."

लटारू: मंग? खरंच हाये ते. मोहाचं पान, अन् पहिल्याच ओळीत दारू! पहाटे टोपले घेऊन बाया जाते, मोहाची फुलं वेचते, वाळवते, वर्सभर पुरवते, ते कुठी गेलं? मानसानं पहिली ओळ वाचली का तो समजून जाते, हे जंगलातले सारे दारुडे.

रूही: पुस्तकांमध्ये दारूच आहे पहिली. अन् खोटं आहे का ते? तुमच्याच गावात...

लटारू: खोटं कोन म्हनते? खाली घे म्हनून राह्यलो.

रूही: घ्या! पुन्हा सुरू झालं. भाऊ, हे भांडणच आपल्या अंगावर आलं आहे. ते म्हणतात, तुमचं बोलणं अन् माझं बोलणं एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच टायमाले येते.

लटारू: येनारच ना. तीन वाजता लाइन जाते. जाच्या आंधी तू सारं भराभर चढवून टाकते.

रूही: अन् दोघांचं टाइप मीच करते.

लटारू: मी बोलतो, तू ठोकते. त्यात का?

रूही: त्यात हे, की पुण्यात बसून पाहणाऱ्याले दिसते, की एक पोरगी एकटीच बसून स्वतःले शिव्या देऊन राह्यली, अन् पुन्हा स्वतःच त्याचं उत्तर लिहून राह्यली.

लटारू: अगा माय! बह्याडच वाटली असन तू त्याले.

रूही: बह्याड नाही, लबाड. म्हणे, प्रचालकपदाच्या निवडीत आपण किती समंजस आहोत हे दाखवायले मी हे नाटक केलं.

लटारू: थे निवड आजच हाये नं?

रूही: आजच. इकडून आजवर एकही प्रचालक झाला नाही, भाऊ. चंद्रपूर, गडचिरोली, कोणीच नाही. म्हणून तर आपली पानं उडवतात. आलापल्लीच्या सागवानाचं उडवलं, सिरोंच्याच्या मासेमारीचं उडवलं. काय लिहितात? "उल्लेखनीयता सिद्ध होत नाही." ज्याच्याजवळ किल्ली, तो ठरवते काय ठेवायचं. मले ती किल्ली पाहिजे होती.

लटारू: होती काऊन म्हनते? पाहिजे.

रूही: थांबा, फोन वाजला. तेच आहेत, पुण्याचे प्रचालक, निरंजन. मीच नंबर दिला होता. स्पीकरवर टाकते, तुम्हीही ऐका. ...हॅलो, मी रूही बोलते.

निरंजन: नमस्कार, रूही. मी निरंजन. ऑफिसमधूनच बोलतोय, त्यामुळे जरा थोडक्यात बोलतो. खरं सांगू का, मला हे सगळं करताना अजिबात आनंद होत नाहीये. तुमचं काम मला मनापासून आवडतं.

रूही: मग करता कशाला?

निरंजन: नियम आहे म्हणून. उद्या कोणी विचारलं, तर मला उत्तर द्यावं लागेल. पण मी एक मार्ग काढलाय. तुम्ही एवढंच लिहा, की ‘लटारू’ हे खातं मी सुरुवातीला सरावासाठी उघडलं होतं, नियम माहीत नव्हता. मी ते बंद करतो. त्यातला मजकूर तुमच्या नावावर घेतो, एक ओळही वाया जाणार नाही. नव्या सदस्याची चूक म्हणून सगळे सोडून देतील. संध्याकाळी तुम्ही प्रचालक.

लटारू: (हळूच) लिव ना वं.

रूही: भाऊ, चूप बसा.

निरंजन: कोण आहे तिथे?

रूही: लटारू आहेत. खोटं खातं. बाजूच्या खुर्चीत बसून सुपारी कातरून राह्यले.

निरंजन: रूही, प्लीज. मी गंभीरपणे बोलतोय.

रूही: मीसुद्धा. एक मिनिट थांबा.

लटारू: लिवून टाक, पोरी. माहं का जाते? नाव जाते. मजकूर राह्यते म्हनते नं तो? मंग? मी मेल्यावर सात-बाऱ्यावरून नाव निंघनारच हाये, आंधी इथून निंघन. तुह्या हाती किल्ली आली तं इकडची किती पानं वाचतीन. माह्या एकट्यापायी ते घालवू नको. बह्याडपना हाये तो.

रूही: आपल्याच माणसाले मिटवून किल्ली घेतली, तर मग त्या किल्लीनं वाचवू कोणाले, भाऊ?

लटारू: लय मोठं बोलू नको. हिशोबानं पाह्य.

रूही: हिशोबानंच पाहून राह्यली. मले नाही जमत. तुम्ही पावसात सायकल हाणत यायचे, चिखलाचे पाय बाहेर धुवून आत बसायचे, अन् मी लिहू, की हा माणूस मी सरावासाठी बनवला होता? मले लाज वाटते. बस. ...हॅलो, निरंजन? नाही लिहिणार.

निरंजन: एकदा विचार करा.

रूही: झाला करून. आता खरं काय ते ऐका. लटारूभाऊ शेतकरी आहेत, इथून जवळच्या गावचे, धान लावतात. त्यांना कीबोर्डची भीती वाटते, म्हणतात बोट लागलं की बिघडन. ते बोलले, मी टाइप केलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यांच्या शिव्यासुद्धा. एक शब्द बदलला नाही.

निरंजन: मग तर आणखी अवघड झालं. दुसऱ्याच्या खात्यातून लिहिणं हेही नियमाविरुद्धच आहे. सरावासाठी होतं एवढंच म्हणाला असतात, तर मी तुम्हाला वाचवू शकलो असतो.

रूही: माहीत आहे मले. नियम वाचूनच सांगून राह्यली.

निरंजन: आणि ते खरंच आहेत, हे मी कशावरून मानायचं?

लटारू: दे तो फोन इकडे. ओ साहेब! राम राम. मी लटारू बोलून राह्यलो. झालं का समाधान?

निरंजन: नमस्कार, काका. राग मानू नका, पण फोनवर आवाज कोणाचाही असू शकतो.

लटारू: कोनाचाबी? कोनाचाबी म्हनजे? अबे, आताच तं मी म्हनत होतो, जाऊ दे नाव, का होते! पेन्शनवाले बिचारे दरसाल बँकेत जाऊन जित्ते असल्याचा दाखला देते. मी तं पेन्शनवालाबी नाई. मले तुमच्या कोशाकडून दमडी नाई भेटत, अन् मी दाखला देऊ? कायचा?

निरंजन: काका, मी असं म्हणालो नाही...

लटारू: असंच म्हनले तुमी. आता माहं ऐका. ते खातं बंद नाई कराचं. मघा मी द्याले तयार होतो, आता नाई देत. पोट्टीच्या निवडनुकीसाठी देत होतो, तुमच्या संशयासाठी नाई देनार.

रूही: शाब्बास, भाऊ!

लटारू: तू चूप बस. तुह्यासाठी नाई करून राह्यलो. माह्यासाठी करून राह्यलो.

निरंजन: बरं, मग एक करता येईल. नियम इतकाच आहे, की खातं ज्याचं, लिहायचं त्यानं. काकांनी आत्ता स्वतःच्या हातानं काही लिहिलं आणि तेवढा वेळ रूही फोनवर माझ्याशी बोलत राहिल्या, तर मी ते धरून चालेन. पूर्ण पुरावा नाही म्हणता येणार, पण मी माझ्या जबाबदारीवर धरून चालेन.

रूही: त्यांनी कधी बटन दाबलं नाही हो. आणि तीनला लाइन जाते इथली. वीसेक मिनिटं असतील.

निरंजन: वीज जाते, हे इथे कोणाला कसं समजावणार?

रूही: इथे येऊन बसा, समजन आपोआप. ...भाऊ, करता?

लटारू: सरक.

रूही: बटनांवर मराठी अक्षरं चिकटवलेली आहेत. मी ‘लटारू’ नावानं आत जाऊन देते...

निरंजन: नाही, तेसुद्धा त्यांनीच.

लटारू: तिले माहा पासवर्ड ठाव हाये, पन मलेबी हाये. माह्या दोन्ही म्हसरांची नावं हायेत. सरक म्हनलं नं. अन् हात पाठीमागं ठेव तुहे.

रूही: ठेवले. निरंजन, बसले आहेत ते. एका बोटानं शोधून राह्यले.

निरंजन: तुम्ही बोलत राहा.

रूही: काय बोलू? मले भीती वाटून राह्यली. अब्बाच्या दुकानात मी तीन वर्षं झाली बसते, रेल्वेची तिकिटं काढते, पोरांचे निकाल काढून देते. त्यातून वेळ मिळाला की तुमच्या कोशात लिहायचं. घरचे म्हणतात काय मिळते. काही नाही मिळत. पण आपलं गाव, आपलं झाड आपल्या नावानं कुठंतरी लिहिलेलं दिसते, तर बरं वाटते हो. तुमच्याकडचं तर सारंच लिहिलेलं असते आधीपासून. तुम्हाले नाही समजणार.

निरंजन: थोडंसं समजतंय. ...काका काय करतायत?

रूही: ‘ल’ सापडला. भाऊ, चष्मा वर करा जरा. ...नाही, मी सांगणार नाही, कुठलं बटन आहे ते. तुम्हीच शोधा.

लटारू: विचारलं कोन तुले?

रूही: आत गेले, निरंजन! स्वतः गेले! घाम आला त्यांना. आता लिहून राह्यले. भाऊ, चर्चेच्या पानावर जाऊन फक्त आपलं नाव लिहा अन् गावाचं नाव. तेवढं बस आहे. ...भाऊ? कुठी चालले तुम्ही? ते पान नाही.

लटारू: मले जिथं जायाचं तिथं जाऊन राह्यलो.

रूही: लाइन जाईन!

लटारू: जाऊ दे. ...हे का? ‘जतन करा’ हेच नं? मारलं एकदाचं.

निरंजन: थांबा. आलं. आलं माझ्याकडे. पण हे चर्चापान नाहीये. ‘मोह’ या लेखात बदल झालाय.

रूही: मोह? भाऊ, नाव लिहायचं होतं ना हो!

लटारू: नाव कायले लिवू? नाव तं ठाव हाये मले.

निरंजन: त्यांनी पहिलं वाक्य उडवलंय. दारूचं.

रूही: खाली घेतलं?

निरंजन: खाली नाही, उडवलंच. त्या जागी तीन शब्द आहेत. "मोह आमी खातो."

रूही: उडवलं? माझं वाक्य? भाऊ, मी इथं तुमच्यासाठी भांडून राह्यली, अन् तुम्ही पाठीमागून माझंच वाक्य उडवलं?

लटारू: पाठीमागून कायचं? तुह्या समोर उडवलं. हात पाठीमागं तुहे होते.

निरंजन: रूही, एक विचारू? आता तुम्ही काय करणार?

रूही: काय करणार म्हणजे? परत टाकणार! दारूचं वाक्य खरं आहे, पुस्तकाचा दाखला दिला आहे मी त्याले. खातो हेही खरं आहे, ते ठेवीन. पण माझं असं उडवू देणार नाही. लटारूभाऊ असो की कोणीही असो.

निरंजन: पुरे. पुरे झालं. माझी खात्री पटली. कोणी स्वतःवर इतकं चिडत नाही. काकांचं खातं राहील, त्यांचा सगळा मजकूरही राहील. यापुढे मात्र त्यांचं त्यांनीच लिहायचं.

लटारू: लिवीन. अन् पोट्टीच्या निवडीचं?

निरंजन: ते नाही जमणार, काका. त्यांनी स्वतः कबूल केलंय, की दुसऱ्याच्या खात्यातून लिहीत होत्या. ते लपवून मी त्यांच्यासाठी मतं मागू शकत नाही. मला वाईट वाटतंय.

लटारू: साहेब, तिची का चूक हाये? म्या बोललो म्हून तिनं...

रूही: भाऊ, हात नका जोडू त्यांच्यासमोर. फोनवर दिसतही नाही. निरंजन, माझं नाव काढा. "रूहीनं स्वतः माघार घेतली" असं लिहू नका. लिहा, की राजुऱ्यात एका कॉम्प्युटरवर दोन माणसं बसत होती, म्हणून काढलं. तसंच लिहा.

निरंजन: तसंच लिहीन. सहा महिन्यांनी पुन्हा उभ्या राहाल ना?

रूही: उभी राहीन. भाऊही उभे राहतील. अन् सिरोंच्यात एक पोरगा तेलुगूतले लेख मराठीत आणून राह्यला, गडचिरोलीची दिव्यानी आहे, ते पण उभे राहतील. तुम्ही नियम वाचत बसा, आम्ही येऊन राह्यलो. ठेवते.

लटारू: गेली नं वं किल्ली?

रूही: गेली.

लटारू: रडून राह्यली का?

रूही: हो, रडून राह्यली. मग? रडू पण नको का? सरका आता, लाइन जायच्या आधी माझं वाक्य टाकू द्या.

लटारू: थांब जराशी. खातो, एवढंच झालं. काय काय करून खातो, ते राह्यलं माहं.

रूही: ...लिहा मग. मी बसते.